सभागृह क्रमांक दोनमधील माइक भंगारात देण्यापूर्वी त्यावर दोन मिनिटे बोलू देण्याबाबत

प्रति,
मा. प्राचार्य तथा संरक्षक, राष्ट्रीय परिसंवाद समिती,
जाम-कन्हान कला महाविद्यालय,
सौंसर, जिल्हा पांढुर्णा (म. प्र.)

विषय : परिसंवादाच्या अहवालातील पृष्ठ ४१ वरील "मृत" हा शब्द काढणे, तसेच सभागृह क्रमांक दोनमधील जुना माइक व साउंड बॉक्स दि. २८ एप्रिलच्या भंगार विक्रीपूर्वी एकदा जोडू देणे.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ३ मार्च व दि. २१ मार्च २०२५.
२) आपले उत्तर दि. २ एप्रिल २०२५.

महोदय,

हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन हिंदीत होते, कारण कार्यालयाची भाषा हिंदी आहे आणि मला ती येते. हा मराठीत लिहिला आहे. आपण मोहगावचे आहात, घरी मराठीच बोलता, आणि आपलं उत्तर वाचून असं वाटलं की जे सांगायचं होतं ते हिंदीत माझ्याकडून सांगून झालंच नाही. काही सांगितलं नाही ते मुद्दामही होतं. ते या अर्जात शेवटी येईल.

१. मी गौतम सोमकुंवर, भृत्य, एकोणीस वर्षांपासून सभागृह क्रमांक दोनमधील माइक, साउंड बॉक्स, प्रोजेक्टर आणि वेळेची घंटी सांभाळतो. मी बौद्ध आहे. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत, आणि नुसत्या पाठ नाहीत, मी त्या पाळतो. भुताखेतावर, मंत्रतंत्रावर, अंगात येण्यावर माझा विश्वास नव्हता. आज आहे की नाही हे मी लिहू शकत नाही, कारण ते मलाच माहीत नाही. एवढ्यासाठीच हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे "हा माणूस अंधश्रद्धाळू आहे" असा शेरा मारून अर्ज फाइलीत जाऊ नये.

२. दि. ५ व ६ फेब्रुवारी रोजी आपल्या महाविद्यालयात "ऐतिहासिक जादू, लोकविश्वास आणि लोकप्रिय संस्कृती" या विषयावर परिसंवाद झाला. नव्वद प्राध्यापक आले होते. एका मॅडमनी टीव्हीवरच्या नागिणींवर चाळीस स्लाइड दाखवल्या. एका सरांनी ट्रकच्या लिंबू-मिरचीवर निबंध वाचला, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याच गाडीला लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण तो माझ्या अर्जाचा विषय नाही.

३. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सत्रात नागपूरच्या डॉ. सुप्रिया बोधनकर मॅडमचा निबंध होता. त्यांनी सोबत लोधीखेड्याकडचे तुळशीराम कळंबे यांना आणलं होतं. वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर टोपी, हातात पितळी लोटा. यांच्या घराण्यात "हाक" देण्याची रीत आहे. घरचं माणूस निरोप न घेता गेलं, कुठं आहे कळत नाही, जिवंत की मेलेलं कळत नाही, तर घरच्या माणसानं पाण्याच्या लोट्यावर वाकून त्याचं नाव तीनदा घ्यायचं. मेलेला असेल तर उत्तर येत नाही. जिवंत असेल तर "ओ" येते. ओ आल्यावर तुळशीरामबुवा हाक देणाऱ्याला विचारतात, "जाय म्हणता का ये म्हणता?" दोनपैकी एक शब्द बोलायचा. जाय म्हटलं तर ते माणूस आहे तिथं सुखानं राहतं. ये म्हटलं तर त्याला घराची ओढ लागते. मग लोट्यातलं पाणी दाराशी ओतायचं, झालं काम. हे मी स्वतः बुवांच्या घरी जाऊन नंतर विचारून घेतलं आहे. मॅडमनी निबंधात याला "मृतात्म्यांचे आवाहन" असं नाव दिलं, कारण परिसंवादाच्या विषयात ते बसत होतं.

४. प्रात्यक्षिकाला एक नाव पाहिजे होतं. नव्वद प्राध्यापकांपैकी एकानंही नाव दिलं नाही. कोणी बॅगेत पेन शोधू लागलं, कोणी मोबाइल पाहू लागलं. पुस्तकातली जादू सगळ्यांना चालते. शेवटी भोपाळहून आलेले सत्राध्यक्ष माझ्याकडे पाहून म्हणाले की माइकवाले भैया, आपही कोई नाम दे दीजिए. मी यंत्रापाशी उभा होतो. काहीतरी खोटं नाव सांगून मोकळं व्हावं असंच माझ्या मनात होतं. आणि तोंडातून निघालं, "चंचल."

५. चंचल माझी मुलगी. याच महाविद्यालयात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, आपल्यालाही आठवत असेल. २०१८ साली तिला भीती भरली. झोपायची नाही, भिंतीकडे तोंड करून बोलायची. नागपूरच्या डॉक्टरला दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या, तर दिवसभर झोपूनच राहायची. माझी साळी प्रमिला तिला जामसांवलीच्या हनुमान मंदिरात घेऊन गेली, तिथं लोक बाधा उतरवायला जातात. अकरा दिवस तिथं ठेवलं. परत आली त्या दिवशी पोरीनं दोन भाकरी खाल्ल्या आणि कुसुमसोबत, म्हणजे माझ्या पत्नीसोबत, कशावर तरी हसली. ते हसणं माझ्या कानावर पडलं होतं. पण मी पाहिला तो तिच्या मनगटाचा लाल धागा. मी म्हटलं, मी गावभर प्रतिज्ञा शिकवून राहिलो आणि माझ्याच घरात हे? खिशात वायर कापायचं कटर होतं. तिचा हात धरला आणि धागा कापला. वरून बोललो, "हे करायचं असंल तर या घरात पाय ठेवू नको." उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवशी सभागृहात निरोप समारंभ होता म्हणून मी ड्यूटीवर आलो. चंचल सव्वाचारच्या नागपूर गाडीत बसून गेली.

पहिल्या वर्षी कुसुमला तिचे दोन फोन आले. नागपुरात कुठंतरी डबे करण्याच्या कामावर आहे म्हणे. बाबांना सांगू नको म्हणाली. मग तो नंबर बंद झाला. पोलिसांत तक्रार मी दिली नाही, कारण तक्रार दिली असती तर कारण लिहावं लागलं असतं. घरात तिचं नाव घ्यायचं नाही असं मी सांगून ठेवलं, आणि सात वर्षं कोणी घेतलं नाही.

६. तर ते नाव त्या दिवशी मी नव्वद लोकांसमोर माइकवर घेतलं. बुवा म्हणाले की ज्यानं नाव दिलं त्यानंच हाक द्यायची, दुसऱ्याच्या तोंडून चालत नाही. लोट्यात घरचं पाणी पाहिजे होतं, तिथं अध्यक्षांच्या टेबलावरच्या बाटलीतलं ओतलं. बुवांनी त्यालाही हरकत घेतली नाही, लोटा आणि माइक माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी वाकलो आणि तीन वेळा हाक दिली. तिसऱ्या हाकेनंतर साउंड बॉक्समधून "ओ" आली. मोठी नाही. आतल्या खोलीतून, हातात काम असताना पोरगी देते तशी. समोर काही जण हसले, एकानं टाळी वाजवली, त्यांना वाटलं की ही माझीच काही करामत आहे. बुवा हसले नाहीत. त्यांनी माइक माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "बोला भाऊ, जाय म्हणता का ये म्हणता?" एवढ्यात घंटी झाली, सत्र संपलं आणि लोक जेवायला उठले. बुवांच्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं.

७. दि. २५ फेब्रुवारीला अहवाल छापून आला. त्यात पृष्ठ ४१ वर तक्ता आहे. "आवाहन केलेल्या मृत व्यक्तीचे नाव : कु. चंचल सोमकुंवर, सौंसर." एक प्रत मी घरी नेली होती, त्यात माझा फोटो आहे म्हणून. कुसुमनं फोटो पाहायला पान उघडलं आणि तिची नजर तक्त्यावर गेली. पदरानं हात पुसून मला म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं तर मले काहून नाही सांगितलं?" मला काही कळलेलं नाही, हे लोक असंच लिहितात, हे मी तिला रात्रभर समजावत होतो. पण एवढ्या मोठ्या कॉलेजनं छापलं आहे, डॉक्टर लोकांनी छापलं आहे, ते उगाच छापतील का, असं ती म्हणते. महोदय, यावर मी काय उत्तर देऊ?

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की आवाहन नेहमी मृताचंच असतं, त्यामुळे शब्द बरोबर आहे, तो बदलला तर निबंधाची सारी मांडणी कोसळेल. मग मी आपल्याकडे अर्ज केला. आपण लिहिलंत, "सदर कु. चंचल जिवंत असल्याचा पुरावा सादर केल्यास दुरुस्तीचा विचार करण्यात येईल." माझ्याकडे ती जिवंत असल्याचा कागद नाही. महाविद्यालयाकडेही ती मेल्याचा कागद नव्हता. तुम्ही पुराव्याविना तिला मारली, आणि मी मात्र पुराव्यानिशी जिवंत करायची, हा न्याय मला समजला नाही. त्याच उत्तरात पुढं असंही आहे की "महाविद्यालयाच्या आवारात अंधश्रद्धेस उत्तेजन देणाऱ्या कृत्यास परवानगी देता येणार नाही." फेब्रुवारीत त्याच कृत्याला मंडप होता, पुष्पगुच्छ होता आणि प्रमाणपत्र होतं.

८. आता सभागृहाविषयी. परिसंवादानंतर चौथ्या दिवशी, दुपारी बारा चाळीसला, म्हणजे हाक दिली होती त्याच वेळेला, मी फरशी पुसत होतो. माइक बंद होता, पिन काढलेली होती. बॉक्समधून "ओ" आली. मी म्हटलं वायरिंगचा दोष असेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आली. वायरमन उत्तमला बोलावलं. त्यानं केबल बदलली, बोर्ड उघडला, शेवटी मेन स्विच पाडून आम्ही दोघं अंधारात उभे राहिलो. बारा चाळीसला आलीच. उत्तमनं पेचकस तिथंच टाकला आणि गेला, अजून न्यायला आला नाही. त्यानंतर मुली सभागृहात यायच्या बंद झाल्या, पालकांच्या तक्रारी आल्या आणि आपण सारा संच स्टोअरमध्ये टाकायला लावलात. आता तो स्टोअरमध्ये आहे. आवाज स्टोअरमधून येतो.

मॅडम म्हणतात ही माइकची शिट्टी आहे. एकोणीस वर्षांनंतर माइकची शिट्टी कशी असते हे मला कोणी शिकवू नये. शिट्टी चढत जाते, कान फाडते, आणि वीज गेली की मरते. हा आवाज चढत नाही. हा रोज थोडा थोडा उतरत चालला आहे. फेब्रुवारीत दारातून ऐकू यायचा. मार्चमध्ये बॉक्सला कान लावावा लागला. परिसंवादाचं ध्वनिमुद्रण माझ्याजवळ पेन ड्राइव्हमध्ये आहे, त्यातली अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवरची ओसुद्धा बारीक झाली आहे. मुद्रित झालेला आवाज असा झिजत नाही. हे मला कोणत्याही परिसंवादानं समजावून द्यावं, मी हात जोडून ऐकायला तयार आहे.

मी घाबरून लोधीखेड्याकडं तुळशीरामबुवांच्या घरी गेलो. बुवा बाजेवर पडून होते. मला पाहून उठले आणि माझ्यावर चिडलेच. म्हणाले, "पोरगी जित्ती आहे म्हणून ओ आली. पण तुम्ही तिले मधातच ठेवली ना भाऊ." मधात, म्हणजे जाय आणि ये यांच्या मध्ये, राहिलेल्या माणसाला आहे तिथं अन्न गोड लागत नाही, काम सुचत नाही आणि घरची वाटही धरवत नाही, ते रोज ओ देतं आणि थकत जातं, असं ते म्हणाले. उपाय एकच. ज्या माइकवर हाक दिली त्यावरच, ज्या तोंडानं दिली त्या तोंडानंच, उरलेला शब्द बोलायचा. ओ पूर्ण बंद झाल्यावर बोलून फायदा नाही.

आता माझी अडचण पाहा. ही ओ म्हणजे शिट्टी आहे असं मानलं, तर माझ्या प्रतिज्ञा शाबूत राहतात, पण मग पोरगी जिवंत आहे याला आधार काहीच उरत नाही. ती ओ खरी मानली तर पोरगी जिवंत आहे, आणि ज्या गोष्टीसाठी मी तिला घराबाहेर काढलं तीच गोष्ट मी मान्य केली असं होतं. धरलं तर चावते, सोडलं तर पळते. महिनाभर मी या विचारात घालवला. परवा बारा चाळीसला ओ आली नाही. बारा त्रेचाळीसला आली. त्या तीन मिनिटांत माझा विचार संपला. मला ती जिवंत पाहिजे. बाकी जे काय मानावं लागेल ते मी मानतो.

९. कुसुम रोज दुपारी डबा घेऊन येते आणि स्टोअरच्या पायरीवर बसते. आपण चौकीदाराला तिला उठवायला सांगितलं होतं, चौकीदार तिला उठवत नाही. ती आत कान लावत नाही, नुसती बसते. गेल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "तुमच्याच्यानं बोलणं होत नसंल तर मले बोलू द्या." तिच्या बोलण्यानं झालं असतं तर चंचल केव्हाच घरी आली असती.

१०. जे सांगायचं टाळत होतो ते आता लिहितो. अहवालात पृष्ठ ४२ वर छापलं आहे की "वेळेअभावी अध्यक्ष महोदयांनी सत्र आटोपते घेतले." हे चूक आहे. अध्यक्षांनी इशारा केला नव्हता. प्रत्येक निबंधाला पंधरा मिनिटं होती. घंटी तेरा मिनिटं आणि काही सेकंदांनी वाजली, ध्वनिमुद्रणात कोणालाही मोजता येईल. घंटीचं बटण माझ्या टेबलावर, माझ्या डाव्या हाताशी असतं. बुवांनी विचारलं, जाय म्हणता का ये म्हणता, आणि सारं सभागृह माझ्याकडे पाहत होतं. ये म्हणायचं तर सात वर्षांपूर्वी मी चुकलो हे सगळ्यांसमोर कबूल करावं लागत होतं. जाय म्हणायला जीभ वळेना. घंटी मीच वाजवली. लोक उठले तेव्हा मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. जेवणात त्या दिवशी श्रीखंड होतं, मी दोन वाट्या खाल्लं.

अध्यक्षांवर, मॅडमवर, आपल्यावर मी दोन अर्जांत ठपका ठेवला, तो मागे घेतो. "मृत" शब्द तुमचा आहे, तो तुम्ही काढा. पण पोरीला मधात ठेवली ती मी. कुसुमला हे अजून सांगितलेलं नाही. अर्ज आवक शाखेत जाईल, चार हातांतून फिरेल आणि संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर जाईल. जाऊ द्या.

११. पांढुर्ण्याचा भंगारवाला दि. २८ ला संच उचलायला येणार आहे. बॉक्स तोडून तो तांबं वेगळं काढतो, मी त्याचं काम पाहिलं आहे. तरी त्याआधी कोणत्याही दिवशी, दुपारी साडेबारा ते पाऊण या वेळेत, जुना माइक सभागृह क्रमांक दोनमध्ये जोडण्याची परवानगी द्यावी. वीज द्यायची नसेल तर नका देऊ, पिन काढलेली राहिली तरी चालेल. तुळशीरामबुवांना आणण्या-नेण्याची सोय मी करीन. या कृत्याबद्दल महाविद्यालयाच्या नियमांप्रमाणे माझ्यावर जी कारवाई व्हायची ती नंतर व्हावी. घंटी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावी.

एक शब्द बोलायला दोन मिनिटं कशाला, असं आपण विचाराल. सात वर्षं जो शब्द निघाला नाही तो पहिल्या झटक्यात निघेल याची मला खात्री नाही, म्हणून मागतो. कोणता शब्द, ते या अर्जात लिहिलेलं नाही. तो आधी तिनं ऐकावा.

आपला नम्र व कसूरवार कर्मचारी,

(सही)
गौतम सोमकुंवर
भृत्य, सभागृह क्रमांक दोन
सौंसर, दि. १७ एप्रिल २०२५

सोबत :
१) अहवालाची पृष्ठे ४१ व ४२. चुकीचे शब्द खालून रेघ मारून दाखवले आहेत.
२) पेन ड्राइव्ह एक. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. कृपया आजच ऐकावा, आणि ऐकताना खोलीतला पंखा बंद ठेवावा.